नेच्याचं पहिलं पाणी

परवा नातीने मोबाईलवर वाचून मला सांगितलं, "आजी, नेच्याचे कोंब खातात! पण उकळलेलं पाणी टाकायचं." मी हसले. ते पाणी न टाकणारी बाई तिच्यासमोरच बसली होती.

लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा मी फार शहाणी होते. वनस्पतिशास्त्राची पदवी, तीही पहिल्या वर्गात. भाजीवाल्यांना भाज्यांची शास्त्रीय नावं ऐकवायचे. बिचारे ऐकून घ्यायचे; गिऱ्हाईक होते ना!

त्या पावसाळ्यात सासूबाईंना ताप आला. उतरला, पण पेजेच्या दोन घोटांपलीकडे काही जाईना. आठवड्यात हाताच्या काड्या झाल्या. काय खावंसं वाटतं विचारलं, तर म्हणाल्या, "नेच्याची भाजी. माजी आवस करी तशी." आवस, म्हणजे त्यांची आई.

नेचा मी जर्नलमध्ये काढला होता, बाण दाखवून, नावं देऊन. तो खातात, हे परीक्षेत कोणी विचारलं नव्हतं.

बाजाराच्या टोकाला डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई बसायची. तिच्या टोपलीत सापडले. गोगलगाईसारखे गुंडाळलेले, तपकिरी लव असलेले कोंब. मी एक उलगडून बघायला लागले, तर तिने हातावर चापट मारली.

"उलगडलेला खायचा नाय, बाय. मिटलेलाच घे. लव चोळून काढ, मीठ घालून उकळ, पाणी ओतून दे."

"का ओतायचं?"

"का म्हंजे? ओततात."

हे काय उत्तर झालं? जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, हे मला पाठ होतं. उकळलेले कोंब बाजूला ठेवून मी आधी त्या पाण्याचंच आमसूल घालून सार केलं आणि ऐटीत वाटी पुढे केली.

सासूबाईंनी एक घोट घेतला. चेहरा त्या कोंबासारखाच गुंडाळला.

"ह्याचा पाणी वतूचा आसता, ह्यां तुका कोणी सांगूक नाय?"

"सांगितलं होतं."

"मगे?"

"जीवनसत्त्वं..."

"ती तूच पी."

मी प्याले. कडू! जीभ दुपारपर्यंत माझी नव्हती.

पण एवढ्यात भिंत धरत धरत त्या स्वयंपाकघरात आल्या होत्या, आठ दिवसांत पहिल्यांदा. स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या: कोंब पुन्हा उकळ, वत ता पाणी, लसूण ठेच, चिंच घाल, खोबरा वरसून. अर्धी भाकरी खाल्ली. मग बोट चाटून म्हणाल्या, "आवशीसारकी नाय. पण हाडशी उद्या?"

दुसऱ्या दिवशी कोंब आणायला मी पुन्हा टोपलीसमोर. बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ओतलं नाय ना?"

मी मान खाली घातली, पण खोड कुठे जाते! विचारलंच, "पाणी ओतायचं, हे पहिल्यांदा कळलं तरी कोणाला?"

कोंब पानात बांधता बांधता ती म्हणाली, "असंल कोणीतरी तुझ्यासारखी."