पावतीवाले माधवराव

माधव हे आमच्या यांचं नाव. तोंडाने मी ते अजून घेत नाही, पण लिहिताना घ्यायला हरकत नाही. सहकारी बँकेत पस्तीस वर्षं नोकरी करून माधवराव निवृत्त झाले आणि शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून माझ्या किराण्याच्या याद्या तपासू लागले. मला जीव नकोसा झाला होता. त्यामुळे गेल्या विधानसभेच्या वेळी उत्कर्षा नावाची मुलगी हिशेब लिहायला माणूस शोधत आली, तेव्हा मीच यांना पुढे ढकललं.

उत्कर्षा मूळची वर्ध्याची, नोकरी आयटीत, राहायला धायरीत. टँकरच्या पाण्यावरून भांडता भांडता ती थेट अपक्ष उभी राहिली. उमेदवाराला खर्चाची वही रोज लिहावी लागते आणि निकालानंतर तीस दिवसांत सगळा हिशेब सहीनिशी द्यावा लागतो. नाही दिला, तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हे सगळं यांनी मला पहिल्याच दिवशी जेवताना समजावून सांगितलं. मी भात वाढत राहिले.

माणूस खुलला मात्र. रोज सकाळी धायरीची बस. देणगी दहा रुपयांची असली तरी नाव, पत्ता, पावती. इस्त्रीवाल्याने घाईघाईत एक नोट पुढे केली, तर त्यालाही हे पिनकोड विचारत बसले.

"काका, मागे लाइन लागलीये," शुभंकर नावाचा कार्यकर्ता वैतागला.

"लागू द्या. रांगेत उभं राहून कुणी मेल्याचं ऐकिवात नाही," हे म्हणाले.

उत्कर्षा आमच्या लेकीपेक्षा, अपूर्वापेक्षाही लहान, पण तिला हे 'अहो' म्हणायचे. उमेदवाराला अगं-तुगं करायचं नसतं म्हणे.

एका रविवारी पत्रकं वाटून दमलेल्या मुलांना मी घरी उपमा केला. अडतीस बशा. संध्याकाळी यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. सरकारी दरपत्रकाप्रमाणे उपम्याची किंमत आणि खाली 'वस्तुरूपाने देणगी, देणाऱ्याची सही'.

"माझ्या घरचा उपमा सरकारी भावाने?" मी भडकले.

"सही केली नाहीस तर तो लपवलेला खर्च होतो."

दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सही केली, कारण अडचणीत ती पोर आली असती.

शेवटच्या आठवड्यात एक बिल्डर मिठाईचा खोका ठेवून गेला. आत पन्नास हजार रोख, आणि नाव कुठे लिहू नका अशी ताकीद. एका माणसाकडून एवढी रोख घेता येत नाही, असं यांनी सांगितलं आणि उत्कर्षाने मान डोलावली. हे रिक्षाने जाऊन खोका परत देऊन आले. "चेक देत असाल तर थांबतो," असंही त्याला म्हणाले. त्याने काही चेक दिला नाही. पैसे संपले आणि शेवटचे दोन दिवस प्रचाराची एकही रिक्षा फिरली नाही.

मतं पडली एक हजार एकशे त्रेचाळीस. अनामत जप्त. शुभंकर सगळ्यांसमोर म्हणाला, "काकांच्या पावत्यांनी घालवलं आपल्याला. तो खोका घेतला असता तर वेगळं चित्र असतं." यांनी वही पिशवीत घातली. पुणेरी माणसाने उलट उत्तर दिलं नाही, म्हणजे घाव खोल गेलेला असतो. घरी पानावर बसले आणि तसेच उठले. मला त्या पोराचा संताप आला आणि यांची फार दया आली.

त्यानंतर उत्कर्षा फोन उचलेना. वही पूर्ण होती, बिलं लावलेली होती, फक्त तिची सही आणि शपथपत्र बाकी होतं. सत्ताविसाव्या दिवशी मी म्हटलं, "चला, मी येते बरोबर."

धायरीच्या तिच्या खोलीत सामानाची बांधाबांध चालली होती. बंगळूरला नोकरी मिळाली होती.

"काका, मी पुन्हा उभी राहणारच नाही. मग सही केली काय न् नाही काय, फरक काय पडते?"

"राहायचं की नाही ते तुम्ही ठरवा," हे म्हणाले. "बंदी आली की ते दुसरं कुणी ठरवणार."

ती चिकटपट्टी ओढत राहिली. मग यांनी खाली जमिनीवर बसकण मारली.

"खोका मी परत करायला लावला. त्याने तुम्ही पडला असाल, तर चूक माझी. तिची शिक्षा तुम्ही तीन वर्षं भोगू नका."

आमटीत मीठ जास्त पडलं तरी दोष मिठाला देणारा हा माणूस. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, 'चूक माझी' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बहुधा कीव येऊनच तिने वही हातात घेतली. पानं उलटता उलटता थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. "रंगनाथ, रिक्षाचालक, शंभर. दीपमाला, पाळणाघर, पन्नास. तुळजाबाई, भाजीविक्री, वीस." पुढचं पान. त्याच्या पुढचं.

"एवढे लोक होते, काका?"

"सहाशे बारा. पत्त्यांसकट."

"मत कोणी दिलं ते कधीच कळत नाही. मला वाटलं, माझ्यामागे कोणी नव्हतंच." आणि ती रडायला लागली.

"वहीवर पाणी पडू देऊ नका," हे म्हणाले, आणि स्वतःच चष्मा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी सही झाली, शपथपत्र झालं, अठ्ठाविसाव्या दिवशी हिशेब जमा झाला. उत्कर्षाने देणगीदारांच्या यादीची एक झेरॉक्स मागून घेतली. "आभार मानायचे राहिले ना," म्हणाली. बंगळूरला आठ दिवस उशिरा येते असं कळवलं आणि दारोदार फिरली. पत्त्यांचं यांचं बारीक अक्षर फक्त मलाच लागतं, म्हणून मीही बरोबर होते.

तुळजाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आलीस व्हय गं बाई? पुन्यांदा हुबी ऱ्हानार न्हवं?"

उत्कर्षा त्यांच्याशेजारी पोत्यावर बसली.

"ठरवलं नाही, मावशी," ती म्हणाली. "पण राहता येतं."