सातव्या वळणाची शिडी

लालसूभाऊ बांबू तोडण्याआधी त्याला टिचकी मारून ऐकायचा. दगडावर पाय ठेवायच्या आधी काठी ठेवायचा. शिदोरी अर्धीच खायचा. चढताना बोलायचा नाही, उतरताना तर मुळीच नाही.

१९५७ साली बी.ए. होऊन मी चांद्याहून भामरागडच्या डोंगरात मोजणीच्या कामावर गेलो. वरच्या पठारावरून येणारा नाला एका अरुंद दरीतून उतरत होता. दरीला सात वळणं. आमच्या पथकाला तिच्यातून वर जायचं होतं. वाट दाखवायला हा चाळिशीचा माडिया गडी होता.

त्याने आठ दिवस मला रोज डोंगर चढवला. मी धापा टाकत वर पोचलो की म्हणायचा, "बाबू, हा भाता लोहाराले विका."

त्याच्या गावची रीत होती, जितकी वळणं तितक्या शिड्या लावल्याशिवाय दरीत माणसं न्यायची नाहीत. माथ्यावर पाऊस पडला तर खाली कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो. मला त्याने दोनच गोष्टी पाठ करायला लावल्या. चढ म्हटलं की काही न विचारता चढायचं. एका शिडीवर एकच माणूस.

सहा शिड्या लावून झाल्या. ओव्हरसियर गुणवंतरावांना घाई होती. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. एका शिडीसाठी काय अडतं, असं त्यांनी विचारलं.

"आपलं नाई अडत, भाऊ," लालसूभाऊ म्हणाला. "पण कोणत्या वळणाले शिडी नाई, हे पाण्याले कोन सांगन?"

गुणवंतराव हसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली.

सकाळी आम्ही दोघंच आत गेलो. तो सातव्या वळणावर शिडी बांधत होता. मी सहाव्यावर, पन्नास पावलं खाली, पायऱ्या बांधायला माहूलवेलीची साल सोलत बसलो होतो. ऊन छान पडलं होतं. नाल्यातून वाळलेल्या पानांचा थर वाहत आला.

तो माझ्याकडे धावत येत होता.

"बाबू, चढा."

मी उभा राहिलो आणि विचारलं, "काय झालं, भाऊ?"

त्याने मला शिडीकडे ढकललं. मी चढलो. मध्येच पाय घसरला, पुन्हा ठेवला. तो खाली शिडीचे दोन्ही बांबू धरून उभा होता. शिडी एकाचंच वजन पेलणार होती. मी कपारीवर पोचलो, वळून हात खाली केला. खाली तांबडं पाणी होतं.

तो तिसऱ्या दिवशी सापडला, दोन कोस खाली.

पाणी ओसरल्यावर मी सातव्या वळणावर गेलो. वर झाडाला बांधलेले दोन उभे बांबू तसेच होते. पायऱ्या अकरा हव्या होत्या. पाच झाल्या होत्या. सहावीचं एक टोक बांधलेलं होतं.