दसऱ्याच्या पूजेतले पाने

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा खराडीच्या आयटी कंपनीत पहिला इंटरव्ह्यू होता आणि आमच्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर गेलेला, त्यामुळे बॅटरी चार्जच होईना. ‘घरीच बदलतो, त्यात काय!’ असं मी सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालो होतो. दसऱ्याला सकाळी जुना काढला आणि पाने-पकड घेऊन चहाला वर आलो. अंघोळ करून बघतो तर पाने देवापुढे, हळदकुंकू लावलेले.

“अहो, आज हत्यारं उचलायची नसतात,” बायको म्हणाली.

“मग लेकीचा कॉम्प्युटर कसा चालू? त्यालाही झेंडू वाहिलाय.”

“त्यावर ती अभ्यास करतेय. तुमच्या पान्यांनी आजवर काय दुरुस्त झालंय?”

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर तिनेच पाने हातात दिले आणि टॉर्च धरून उभी राहिली. नवा अल्टरनेटर बसला, पट्टा ताणला आणि गाडी चक्क सुरू झाली.

सकाळी खराडीला वेळेवर पोचलो. उतरताना मुलगी म्हणाली, “बाबा, आता इंजिन बंद करा की.”

“हो, करतो,” मी म्हणालो. ती बाहेर येईपर्यंत दोन तास काही ते बंद करायचं धाडस झालं नाही.