कडक झालेली पिन

“मॅडम, तुमच्याच ग्राफमध्ये आहे. सरळ केलेली पिन जास्त स्ट्राँग,” मॅनेजर म्हणाले. टेबलापलीकडे हॉलेज ऑपरेटर देविदास राठोड मान खाली घालून उभा होता.

वणीकडच्या एका कोळसा खाणीतली ही चौकशी. टब म्हणजे रुळावरची कोळशाची गाडी. दोराने चढावर ओढताना जोडणीची पिन तुटली, भरलेला टब मागे सुटला आणि विलास नावाचा मजूर त्याखाली सापडून मेला. दोर ओढणारं यंत्र चालवणाऱ्या राठोडने ओव्हरलोड केला, असा आरोप होता. तो म्हणे, लोड रोजचाच होता. पिन वाकली की खाणीत ती ठोकून सरळ करत, पुन्हा लावत. मी यवतमाळच्या कॉलेजात धातूंचं मॉडेलिंग शिकवते, म्हणून मला बोलावलं होतं.

धातूत अणूंच्या रांगा असतात. एखादी रांग मध्येच संपते, त्या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. जड सतरंजी सुरकुती ढकलत सरकवावी, तसे हे दोष सरकतात आणि धातू वाकतो. पुन्हा पुन्हा वाकवलं की ते वाढतात, एकमेकांत अडकतात. काही लाख अणू कॉम्प्युटरवर घेऊन मी तेच दाखवलं होतं. अडकलेले दोष हलवायला जास्त जोर लागतो, म्हणून ग्राफ वर जातो.

“सर, तो कडकपणा आहे,” मी म्हणाले. “अशी पिन वाकत नाही, एकदम तुटते.”

“तुमचं मॉडेल किती वेळाचं?”

“सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं.”

“आणि पिन वर्षानुवर्षं चालली. मग त्यावरून कसं म्हणता?”

सोयीचा होता तोवर माझा ग्राफ म्हणजे विज्ञान. तुटलेली पिन लॅबला पाठवा म्हटलं, तर ती भंगारात गेलेली. मला संताप आला, पण हातात काहीच उरलं नव्हतं. राठोडची नोकरी गेली.

गेटबाहेर तो म्हणाला, “नोकरी गेली तं गेली, मॅडम. पण विलासची बायको मले दारात उभं राहू देत नाही. तिले एक खेप तुमी सांगा.”

राजूरला विलासच्या बायकोकडे, सुमनबाईंकडे गेलो. ग्राफ काढलाच नाही. कुंपणाच्या तारेचा तुकडा घेतला, वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. तार आधी कडक लागली, मग तुटली. पिन अशीच तुटली हे मी खात्रीने सांगू शकत नाही, तुटू शकते एवढंच, असंही सांगितलं.

सुमनबाईंनी तारेचे तुकडे हातात घेतले. “एवढं तं आमाले कोणी सांगतलं नोतं,” म्हणाल्या. मग राठोडकडे न बघताच, “आत बसा, भाऊ.”

तेव्हापासून चौकशीला जाताना पर्समध्ये तारेचा तुकडा ठेवते. अजून कुठल्याच साहेबांनी मागितलेला नाही.