घोडी लंगडत नव्हती

जन्मभर माझ्याबरोबर एका ताटात जेवलेली माझी बायको — तिला हे न कळताच ती गेली. माझ्या थोरल्या भावाला ठाऊक नाही. टांग्याच्या अड्ड्यावर ज्यांच्याबरोबर उभा जन्म काढला, ज्यांनी माझ्या घरातली भांडणंसुद्धा ऐकली, त्यांनाही नाही. नमाजात कपाळ टेकवून पुष्कळ गोष्टींची माफी मागितली, पण ह्या गोष्टीपाशी आलो की मी दुआ आटोपती घ्यायचो. आज तुम्ही समोर बसलाय म्हणून, की आता वय झालं म्हणून — कोण जाणे. तोंड उघडलंय खरं. शेवटापर्यंत पोचतो का, बघू.

आधी थंडीबद्दल सांगतो. थंडीच्या आड लपायला मला आवडतं, ते पुढे तुमच्या ध्यानात येईलच.

एरवी नाशकाची थंडी ती काय? दिवाळी झाली की पहाटे चादर ओढून घ्यावी, बाटलीतलं खोबरेल थिजावं, टाचांना भेगा पडाव्यात, आणि ऊन वर आलं की सगळं विसरून जावं. चैनीची थंडी. आमच्याकडे घर बांधतात ते उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून, वारा खेळला पाहिजे म्हणून. कपडेही तसेच पातळ. लोकरीचं म्हणून घरात काही असलं तर एखादी घोंगडी, तीही म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर. त्यामुळे त्या साली — पस्तीसच्या आगेमागे असेल — उत्तरेकडून वारा सुटला आणि थांबेचना, तेव्हा काय करावं तेच आम्हाला कळेना. पिंपळगावकडे द्राक्षांची पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी काळी पडली. एका सकाळी माझ्या लालीच्या, म्हणजे घोडीच्या, बादलीत पाण्यावर काचेसारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं, पोरांनी काच टाकली. बोटानं दाबलं तर ते तडकलं. बर्फ मी बघितला होता तो लग्नाच्या सरबतासाठी भुशात गुंडाळून आणलेला. तो असा रात्रीतून, आपल्या अंगणात, न बोलावता येतो?

आणि थंडी दुखते, हेही मला ठाऊक नव्हतं. उन्हाचं आपल्याला कळतं हो. घेरी येते, माणूस सावलीला बसतो. थंडी आधी चावते, मग चटका दिल्यासारखी जाळते, आणि मग काही वाटेनासंच होतं. लगाम हातात आहे की सुटला, ते खाली बघून ठरवावं लागायचं. डोक्यात एकच गोष्ट उरते — आग. कुठे आग मिळेल? बायको, पोरं, अल्ला, रोजी, सगळं मागे पडतं. मला वाटायचं मी भला माणूस आहे. असेनही, गरम हवेत.

त्या दिवसांत मी नाशिक रोडच्या स्टेशनावर टांगा लावायचो. पहाटेच्या गाडीनं उतरलेली माणसं गावात पोचवायची. त्या पहाटे घोटीकडून दोनच उतारू आले. एक म्हातारा आणि त्याची लेक. तिचं नाव चांगुणा, हे मला नंतर कळलं. नवऱ्यानं टाकलेली, बापाजवळ राहायची. बापाला दमा. श्वास घेताना त्याच्या छातीत मांजर घुरघुरल्यासारखा आवाज यायचा. त्याला गावातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्याच्या अंगावर घोंगडी होती, तिच्या अंगावर नुसतं लुगडं. पदर डोक्यावरून घट्ट आवळून ती बापाला मिठीत धरल्यासारखी चालत होती.

स्टेशनाबाहेर हमालांनी शेकोटी पेटवली होती. म्हातारा शेकोटीपाशी टेकला आणि लेकीला म्हणाला, "ऊन पडू दे ग बाये. मंग जाऊ." चांगुणाही बसली. बसलीच होती ती. हे नीट ध्यानात ठेवा.

मी म्हणालो, "ऊन पडेपर्यंत दवाखान्यात रांग लागेल. चला, आत्ता पोचवतो. उठा, बाबा."

का म्हणालो मी? मला गाडी रिकामी न्यायची नव्हती. आणि वडाळ्याला, वाटेपासून थोडं आत, माझी बहीण हलीमाआपा राहायची. तिच्याकडे चूल पेटलेली असणार, हेही डोक्यात होतंच. यांना सोडायचं आणि तिच्याकडे जायचं, एवढाच बेत होता. वाईट काही नव्हतं मनात. तेव्हा तरी नव्हतं.

निघालो. वारा समोरून. डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि गालावर तसंच गार होऊन राहायचं. मागे म्हाताऱ्याची घुरघुर, आणि चांगुणा त्याच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होती, लहान पोराला निजवतात तसं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझी बोटं गेली, मग पाय गेले. मग दात असे वाजायला लागले की मला ते दुसऱ्या कुणाचे वाटले. नासर्डी नदीच्या अलीकडे वडाळ्याचा फाटा आला, आणि आत, घरांच्या अंगाला, एक लाल ठिपका दिसला. कुणीतरी अंगणात जाळ केला होता.

मी टांगा थांबवला.

खाली उतरलो. लालीचा पुढचा पाय उचलला, खूर चाचपला, बोटांना काही कळत नव्हतं तरी चाचपला. आणि म्हणालो, "घोडी लंगडतेय, बाई. पुढे नाही जायची. आता उतरा. मागून दुसरा टांगा येईल, त्यात बसा."

मागून दुसरा टांगा येणार नव्हता. त्या पहाटे स्टेशनावर मी एकटाच होतो.

चांगुणानं माझ्याकडे बघितलं, घोडीकडे बघितलं. एक शब्द तक्रारीचा नाही. उलट म्हणाली, "मुकं जनावर. त्याला तरी काय करावं?" बापाला तिनं कसंबसं खाली उतरवलं. त्यांना बसायला एक बाभळीचं झाड होतं, आडोसा म्हणावा असाही नाही. मी भाडं घेतलं नाही. टांगा वळवला आणि फाट्यावरून आत घातला. त्यांना दिसेनासा होईपर्यंत घोडी मुद्दाम सावकाश चालवली. लंगडी वाटावी म्हणून. थंडीनं भान गेलं होतं म्हणतो ना मी? एवढं भान बरोब्बर होतं.

त्यांना वडाळ्यात का नाही घेऊन गेलो? आपा काय नको म्हणाली असती? दोन माणसं चुलीपाशी बसली असती, गूळ घालून चहा प्यायली असती. हा विचार मला सुचला कधी सांगू? भाकरी खाऊन, हातपाय शेकून, अंगात ऊब आल्यावर. तेव्हाही मी लगेच उठलो नाही. आपानं गोधडी दिली ती पांघरून चुलीपाशीच डुलकी काढली.

उजाडल्यावर फाट्यावर गेलो. बाभळीखाली कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं. मिळालं असेल काही तरी वाहन, म्हणालो. मिळालंही होतं. सायखेड्याकडची एक बैलगाडी. पण ती उन्हं आल्यावर, आणि तोवर म्हातारा लेकीच्या मांडीवर संपला होता.

हे मला चांगुणानंच सांगितलं. बापाचं दिवसकार्य करायला ती आणि तिचा भाऊ नाशकालाच आले होते, गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर. तिकडून परतताना ती मुद्दाम अड्ड्यावर मला शोधत आली. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर थुंकणार. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, घोडीचा पाय बरा हाय का?"

मी नुसती मान हलवली.

"तुमी भाडं बी नाय घेतलं," ती म्हणाली. "तुमचं लय उपकार झालं. मीच करंटी. बा म्हनत व्हता, ऊन पडू दे. म्या घाई केली."

नव्हती केली तिनं घाई! ती शेकोटीपाशी बसली होती, मी उठवलं होतं. पण माणसाच्या मनाचं काय होतं बघा — बाप मांडीवर गेला, त्याचा दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय तिला चैन पडेना, आणि जवळ दुसरं कुणी सापडलं नाही. मी जीभ हलवली असती तर? एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बाई, अल्लाची मर्जी." माझं पाप मी त्याच्या नावावर टाकलं. तिनं हात जोडले आणि गेली.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर मी बहुधा तुमच्यासमोर बसलोच नसतो. थंडीत माणूस जनावर होतो, असं म्हणून मनाची समजूत घातली असती. पुष्कळ वर्षं तशीच घालत आलो.

फाल्गुन लागला. थंडी कधीच गेली होती. दुपारची वेळ, आम्ही टांगेवाले लिंबाच्या सावलीत सदरे काढून बसलो होतो. समोर चांगुणा उभी राहिली. हातात गाठोडं. बरोबर तिचा भाऊ, धोंडू. त्याचं तोंड बघूनच कळलं की घरात पुष्कळ काही होऊन गेलंय.

तो सरळ माझ्यापाशी आला. "तुमी त्या दिशी टांगा हाकत व्हता ना? मंग खरं सांगा. माझा बा थांबू म्हनत व्हता का नाय? त्याला थंडीत बाहेर कुनी काढला?"

सगळे टांगेवाले माझ्याकडे बघायला लागले. त्यांना मी लंगड्या घोडीची गोष्ट कितीदा तरी सांगितली होती. चांगुणाही बघत होती. तिच्या नजरेत भीती नव्हती, हे मला अजून टोचतं. माझ्यावर भरवसा होता. दादा खरं सांगतील, असा.

मी म्हणालो, "मी म्हटलं होतं थांबा म्हणून. बाई ऐकेना."

कुणी मला धमकावलं नव्हतं. बोटं बधिर नव्हती. दात वाजत नव्हते. पाठीला ऊन लागत होतं, छान वाटत होतं.

चांगुणानं कपाळाला आठी घातली. आठवायला लागली ती, हमालांची शेकोटी, बाप, मी, कोण काय म्हणालं ते. मला वाटलं, आता बोलेल. मला वाटलं — बोलावं तिनं, सुटेन मी. आणि मग तिची आठी गेली आणि ती हळूच म्हणाली, "व्हय. दादा म्हनले व्हते. मीच."

धोंडू म्हणाला, "झालं? आता माझ्या दारात पाय ठिवू नको." तो स्टेशनाकडे चालता झाला. त्यानं मागे वळून बघितलं नाही. चांगुणा गाठोडं पायाशी ठेवून लिंबाखाली उभी राहिली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, गावात जायचं म्हणून. मी सदरा अंगात घातला, लालीला हाकारलं आणि निघालो. संध्याकाळी परत आलो तेव्हा लिंबाखाली ती नव्हती. कुठे गेली, ते मी कुणाला विचारलंही नाही.