फणसवाडी, सहा किलोमीटर

आमच्या इमारतीत कोणी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला. रंग कुठला, किंमत किती, हे सगळं मागाहून. आधी, "गावाक जाईल ना?" वर्षातले साडेतीनशे दिवस ती गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहणार. गणपतीला एकदा आणि फार तर शिमग्याला एकदा कोकणात जाणार. पण घेताना विचार करायचा तो त्या दोन खेपांचाच. आम्ही लालबागकर असेच. आमचे बाप गिरणीत राबले, चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत मेले, पण पत्ता विचारला की गावचा सांगायचे. आता चाळ पाडून टॉवर झाला, मी चौदाव्या मजल्यावर राहतो, आणि अक्कल अजून तळमजल्यावरच आहे.

दुसऱ्यांच्या या वेडाला मी हसायचो. माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांच्या वरताण निघालो. ते कसं, ते सांगतो.

माझी बायको गिरगावातली, फणसवाडीची. लग्न झाल्यापासून दर गुरुवारी ती माहेरी जायची. दुपारची बस पकडायची, आईशी दोन-तीन तास बोलायची आणि दिवेलागणीला परत यायची. मुलगी लहान होती तेव्हाही आणि नंतर मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली तेव्हाही, गुरुवार चुकला नाही. मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बसची पायरी बंद, जास्त चालणं बंद. टॅक्सीवाल्याला लालबागहून फणसवाडी सांगितली की तो मान फिरवायचा, एवढ्या जवळचं भाडं त्याला परवडायचं नाही. मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी खाली उतरेपर्यंत रद्द झालेली असायची. फोनवर बोलावं म्हटलं तर सासूबाई ठार बहिऱ्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, मोबाइलच्या पडद्यावर लेकीचं तोंड हललेलं बघायची आणि म्हणायची, "समोर ये, मग बोल." समोर बसून, हात धरून, कानाशी ओरडलं तरच तिला चार शब्द कळायचे.

मी रिटायर झालो होतो. थोडे पैसे हाताशी होते, लायसन्सही होतं. गणपती आटोपून गावाहून आलो त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, एखादी छोटी गाडी घेऊया का? ती विजेवरची. मला आईकडे जाता येईल." अगदी याच शब्दांत. त्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. बहिरी सासू होती म्हणतात, पण खरा बहिरा कोण होता ते आता कळतं.

मी दोनशे पानी वही आणली. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं रकाने आखले, ती खोड जाते कुठे? किंमत. बॅटरी. कंपनी सांगते ते किलोमीटर. लोक सांगतात ते किलोमीटर. एसी लावून किती, घाटात किती, चार्जिंगला किती तास. रोज सकाळी चहा घेऊन बसायचो आणि मोबाइलवर एकेकाचे व्हिडिओ बघून वही भरायचो. बायकोला चढता-उतरता येईल का, हा रकाना त्या वहीत नव्हता.

माझ्या खिशाला झेपतील अशा तीन गाड्या निघाल्या. पहिली सगळ्यात स्वस्त, दोन दारांची, डबीएवढी. दुसरी जरा लांब, पण तिची बॅटरी भाड्याने घ्यायची आणि जितके किलोमीटर फिराल तितकं भाडं भरायचं. ते ऐकून माझं टाळकंच सटकलं. तीन पिढ्या आम्ही भाडेकरू म्हणून काढल्या, आता स्वतःच्या गाडीतही भाडेकरूच व्हायचं? ती मी तिथल्या तिथे खोडली. तिसरी सगळ्यांत महाग. तिच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, एका चार्जमध्ये चारशे किलोमीटर.

परळच्या शोरूममध्ये बायको आधी त्या डबीत बसली. सीट उंच होती. दार रुंद उघडायचं. ती काठी हातात घेऊन सहज बसली, सहज उतरली, पुन्हा बसली. ऑपरेशननंतर इतक्या सहज कशात बसलेली मी तिला पाहिली नव्हती.

"ही बरी आहे हो," ती म्हणाली. "पाय दुमडावा लागत नाही."

सेल्समन चाळिशीतला होता, शहाणा माणूस. म्हणाला, "काका, सिटीत फिरायला हीच घ्या. उगाच मोठी बॅटरी घेऊन पैसे अडकवू नका."

"ही गावाला जायची नाही," मी म्हणालो.

"गावाला वर्षातून किती वेळा जाता?"

मला राग आला. या माणसाला काय माहीत, मी आयुष्यभर गावाला कसा गेलो ते! एसटीत उभं राहून, पत्र्याची ट्रंक पायात घेऊन. गावच्या घरी थोरला भाऊ असतो. गणपतीत अंगणात चुलतभावांच्या गाड्या ओळीने लागतात, बोरिवलीची, डोंबिवलीची, ठाण्याची. मी दरवर्षी तिठ्यावरून रिक्षाने यायचो आणि सगळे म्हणायचे, "इलो लालबागकर." त्यात टोमणा होता की नव्हता कोण जाणे, पण मला तो टोचायचा. पुढच्या गणपतीला मला माझी गाडी त्या ओळीत उभी करायची होती. एवढंच होतं सगळं. पण असलं कोणी तोंडाने बोलतो का? मी म्हणालो, "चिपळूणपर्यंत एका दमात गेली पाहिजे. तिथे जेवू, चार्ज करू, मग घर." डबीएवढी गाडी चिपळूण सोडा, त्याच्या पुष्कळ अलीकडेच मान टाकणार होती.

म्हणजे तिसरीच घ्यायची. मग ती लगेच का घेतली नाही? तर पितृपक्ष होता. दसऱ्याला घ्यावी तर इमारतीतला एकजण म्हणाला, नवीन मॉडेल येतंय, थांब, बॅटरी आणखी मोठी आहे. दिवाळीला थांबलो. मग दुसरा म्हणाला, वर्ष संपताना कंपन्या भाव पाडतात. भाव पडले तेव्हा पौष लागला होता, आणि पौषात कोणी गाडी घेतं का?

या सगळ्या महिन्यांत बायको फणसवाडीला गेली ती जेमतेम तीनदा. मी सोबत गेलो असतो, रस्त्यावर उभं राहून चार टॅक्सीवाल्यांशी भांडलो असतो, तर दर गुरुवारी गेली असती. पण ती विचारायची तेव्हा माझं उत्तर तयार असायचं. "आता गाडी येतेच आहे. मग रोज जा की!"

माघात एका रविवारी तिसरी गाडी टेस्ट ड्राइव्हला दारात आली. तोच सेल्समन. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, तास-दीड तास आहे. कुठेही न्या." बायको चांगली साडी नेसून खाली आली. केसात गजरा. हातात कापडी पिशवी. त्या गाडीची सीट खोल, ती हात टेकत टेकत मागे बसली. मी मदत केली नाही, कारण मी पडद्यावरचे टक्के बघत होतो.

शिवडीवरून मी गाडी फ्रीवेवर घातली. चेंबूरपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पुलाच्या चढावर एसी पूर्ण लावून बघितला. सेल्समनला दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "आता किती उतरली?" मागून बायकोने एकदाच विचारलं, "इथून तसंच खाली गिरगावात जाता येतं का हो?"

"गिरगावच्या ट्रॅफिकमध्ये गाडीचं काय कळणार?" मी म्हणालो.

घरी येताना लिफ्टमध्ये माझं लक्ष पिशवीकडे गेलं. आत स्टीलचा डबा होता, वर रुमाल घट्ट बांधलेला.

"हे काय? कोणासाठी?"

"कोणासाठी नाही."

दुपारी तिने तो डबा ताटाशी आणून उघडला. शेवयांची खीर होती, शेवया अगदी गाळ शिजवलेल्या. सासूबाईंना दात नव्हते. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणालो, गोड जरा कमी आहे. हे मी लिहितोय कारण मला स्वतःची लाज वाटते, आणि ती कुठेतरी लिहिली पाहिजे.

गाडी मी पाडव्यासाठी बुक केली. फाल्गुनात, पाडव्याला दहाएक दिवस असताना, सकाळी मेहुण्याचा फोन आला. आई झोपेतच गेली. आम्ही खाली उतरलो. पहिल्या टॅक्सीवाल्याने मान फिरवली. दुसरा म्हणाला, "इतने नजदीक नहीं जाएगा." बायको काठीवर रेलून फुटपाथवर उभी होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिसऱ्याला मी हात जोडले.

फणसवाडीत लाकडी जिना. एकेक पायरी ती दोन्ही पाय टेकवून चढली. वर तिची वहिनी गळ्यात पडून रडली आणि रडता रडता सांगत होती, "गुरुवार आला की दाराकडे तोंड करून बसायच्या हो. ऐकू येत नाही म्हणून आम्ही पाटीवर लिहून दाखवायचो, गाडी घेतायत, गाडी आली की येणार. मग मान डोलवायच्या. पुढच्या गुरुवारी परत दाराकडे तोंड." वहिनीच्या मनात काही नव्हतं, ती बिचारी जे घडलं तेच सांगत होती. मी मात्र गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चार दिवस बायको माझ्याशी कामापुरतं बोलली. भांडली असती, कपाळ फोडलं असतं माझं, तर बरं झालं असतं. पण ती भांडली नाही.

शोरूमला फोन करून मी सांगितलं, घरात दुःख आहे, पाडवा नको. गाडी अक्षय्य तृतीयेला आली. चार्जरची परवानगी द्यायला सोसायटीने मला दीड महिना नाचवलं, ते वेगळंच. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! बायकोने गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडायला मला दिला. कशात काही कमी केलं नाही.

मी म्हणालो, "चल, पहिली फेरी. कुठे जाऊया?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"फणसवाडीला जायचं?"

"तिथे आता कोण आहे?" ती म्हणाली आणि मागच्या सीटवर बसली. तेव्हापासून ती मागेच बसते. शेजारची सीट रिकामी असते. मी कितीदा म्हटलं, पुढे बस, तुला सोपं पडेल. "इथे बरी आहे," म्हणते. टेस्ट ड्राइव्हला बसली होती तीच जागा. दादरला भाजीला जायचं तर अजून रस्त्यावर उभी राहून टॅक्सीची वाट बघते, आणि माझी गाडी वर पार्किंगमध्ये शंभर टक्के भरलेली उभी असते.

यंदा गणपतीला आम्ही गाडीने गेलो. चिपळूणपर्यंत एका दमात. माझी वही बरोबर निघाली. चार्जिंगला माझ्यासारखेच मुंबईचे शहाणे रांग लावून उभे होते, तीन तास तिथे गेले. पण संध्याकाळी गाडी अंगणात शिरली, ओळीत लागली, आणि भावाने तिच्यावरून हात फिरवला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हेच. मला वाटलं होतं छाती भरून येईल. मी डिकीतून सामान काढायला लागलो.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, पानं उठली. पुरुषमाणसं ओसरीवर टेकली. बायको पानसुपारीचं तबक घेऊन दारात आली. थोरल्या भावाने सगळ्यांदेखत मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय रे, एका चार्जात किती जाता ही?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. आवाज शांत, नेहमीचा.

"चारशे जाते, भावोजी. फणसवाडीपर्यंतच तेवढी गेली नाही."

ओसरी हसली. त्यांना वाटलं, मुंबईच्या ट्रॅफिकचा विनोद आहे. भावाने माझ्या पाठीवर थाप मारली. बायकोने तबक माझ्यापुढे धरलं, मी सुपारी उचलली, आणि सगळे हसत होते म्हणून मीही हसलो.