देवीपुढची डबी

माझी लेक अकरा वर्षांची झाली तरी शाळेत पहिलीच्या पोरींएवढीच दिसायची. लोक कौतुकानं तिला 'बाहुली' म्हणत आणि माझं काळीज तुटायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिच्या शरीरात वाढीचं संप्रेरकच पुरेसं तयार होत नाही. रोज इंजेक्शन द्यावं लागेल, आणि तेही हाडांची वाढ थांबायच्या आत. त्यानंतर काही उपयोग नाही. औषध थंड ठेवायचं म्हणून भाटघरच्या आमच्या घरी फ्रीज आला. टोचायला मी शिकले, पण मनातून धास्तावलेलीच होते.

आमच्या घरात नवं लुगडं असो की शेतातलं पहिलं कणीस, देवीपुढे ठेवल्याशिवाय वापरायचं नाही. मग लेकीच्या अंगात जाणारं औषध तसंच कसं टोचायचं? सकाळी पूजा झाली की औषधाची डबी फ्रीजमधून काढून देवघरात समईपाशी ठेवायची आणि संध्याकाळी इंजेक्शन द्यायचं, असं मीच ठरवून टाकलं. देवीच्या पायाशी त्याला काय होणार आहे, असं वाटायचं.

समई विझू लागली तेव्हा आधी मी तेलाला नावं ठेवली. मग वात बदलली, खिडकी लावून घेतली. वारा नाही, उंदीर नाही, तेल काठोकाठ, तरी दिवा शांत. डबी उचलली की तीच समई छान तेवायची. भर दुपारी त्या खोलीत पाऊल टाकताना अंगावर काटा यायचा. कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेलंय असं वाटायचं. महिने लोटले, पण पोरीचा झगा तसूभरही आखूड झाला नाही. सासूबाई म्हणाल्या, "देवीला ह्ये औषिध मान्य न्हाई. बंद कर." मलाही ते पटायला लागलं. तुझी मर्जी, मी देवीला म्हटलं, उद्यापासून टोचणार नाही.

त्याच दुपारी भोरच्या बांगडीवाल्या चाची आल्या. दर चैत्रात यायच्या, त्यामुळे ओळखीच्याच. त्या लेकीच्या हातात बांगड्या भरत होत्या आणि आमच्यादेखत समई विझली. मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. चाचींनी मान वर न करताच म्हटलं, "डबी हातात घेऊन बघ जरा." घेतली. पत्र्याखालच्या त्या कोंदट खोलीत ती तापल्या लेकराच्या कपाळासारखी लागली. "तुझी देवी औषिधाला न्हाई, दिव्याला नगं म्हनतीया, बाई," एवढं बोलून चाची निघाल्या. मी पाणी आणेपर्यंत वाटेवर कुणी नव्हतं.

सगळं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. उष्णतेनं औषधाचा गुणच गेला होता. नवं औषध आणलं. डबी फ्रीजमध्ये आणि मी देवीपुढे, दोघी आपापल्या जागी राहिलो. समई पुन्हा विझली नाही. आणि पोर वाढू लागली.

चाची मात्र नंतर फिरकल्या नाहीत. दोन-तीन वर्षांनी लेकीला घेऊन मीच भोरला त्यांच्या घरी साडी-चोळीचा मान द्यायला गेले. त्या काठी टेकत पुढे आल्या. म्हणाल्या, "म्या कवा आले? तू म्हनतीस त्या चैताच्या आदल्या दिवाळीला माजी मांडी मोडली. तवापासनं गावाबाहीर न्हाई पडले." त्या दुपारी भरलेल्यांपैकी लेकीच्या हातात उरलेली एक बांगडी त्यांनी फिरवून पाहिली. "असल्या तर म्या इकतबी न्हाई." चाचींनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. "कोन आलं त्ये इचारू नगं. पोर वाढली न्हवं?"

मीही विचारलं नाही. देवीवर सोपवलं असं तोंडानं म्हणणं सोपं असतं. सोपवल्यावर ती काय सांगते ते ऐकायला मात्र आपली घाई आणि भीती दोन्ही बाजूला ठेवावी लागतात. तेवढं मला तिनं शिकवलं, आणि तिचं हे देणं मी जन्मभर विसरणार नाही.

निघताना लेक पुढे झाली. चाचींच्या घराची चौकट बुटकी. आजवर कुठल्याच दारात वाकायची वेळ न आलेली माझी पोर सरळ चालत गेली आणि चौकट तिच्या कपाळावर बसली. "आई गं!" म्हणत ती कळवळली. आणि मी तिचं टेंगूळ चोळायचं सोडून त्या चौकटीलाच हात जोडले.